गेलेले खाते परत मिळवताना

ऑनलाइन खेळाचे खाते वरवर पाहता नाव आणि पासवर्ड यांची एक जोडी असते. प्रत्यक्षात मात्र तिच्यामागे विकत घेतलेल्या खेळांचा संग्रह, महिनोन्‌महिने खेळून मिळवलेला दर्जा, पैसे मोजून घेतलेल्या आभासी वस्तू, जोडून ठेवलेले बँकेचे कार्ड, मित्रांची यादी आणि त्या मित्रांचा खातेदारावरचा विश्वास एवढा ऐवज साठलेला असतो. महाराष्ट्रातील मुले ज्या घटनेला ‘आयडी गेली’ एवढ्या दोन शब्दांत उरकतात, ती घटना म्हणजे या सगळ्या ऐवजाचा ताबा एका अनोळखी माणसाकडे जाणे होय, आणि ‘खेळच तर होता’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे हे नुकसान वाढण्याचे पहिले कारण ठरते. दुसरे कारण म्हणजे घाई. खाते गेल्याचे कळताच बहुतेक जण सर्वप्रथम खेळाचा पासवर्ड बदलू पाहतात. परंतु ज्या ईमेलवर त्या बदलाची खातरजमा होते तो ईमेल, किंवा ज्या संगणकावर नवा पासवर्ड टाइप केला जातो तो संगणकच चोराच्या नजरेखाली असेल, तर नवा पासवर्डही काही मिनिटांत त्याच्या हाती पडतो. खाते परत मिळवणे आणि पुढे ते राखणे हे प्रामुख्याने क्रमाचे काम आहे. कोणती गोष्ट आधी केली आणि कोणती नंतर, यावर खाते हाती राहील की पुन्हा जाईल हे बऱ्याच अंशी ठरते.

या विवेचनात ‘स्टीम’ या मंचाचे उदाहरण मुख्यत्वे घेतले आहे, कारण खात्यांची चोरी आणि तिच्यावरचे उपाय यांचा इतिहास तेथे सलग पाहता येतो. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केलेला हा मंच संगणकावरील खेळ विकत घेण्याची, उतरवून घेण्याची आणि इतरांबरोबर खेळण्याची सोय देतो. २०१५ च्या अखेरीपासून भारतीय ग्राहकांना तेथे रुपयांत किंमत मोजता येते. २०११ मध्ये स्टीमवर खेळाडूंना आपापसांत वस्तूंची देवाणघेवाण करण्याची मुभा मिळाली, २०१२ च्या अखेरीस त्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची बाजारपेठ उघडली, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात ‘स्किन’ आल्या. स्किन म्हणजे बंदुकीवर किंवा चाकूवर चढवायचे रंगरूप. तिने गोळीचा मारा तसूभरही वाढत नाही, तरीही दुर्मिळ स्किन लाखो रुपयांना विकल्या जातात. ज्या दिवशी खात्यातील वस्तूंना रोख किंमत आली, त्या दिवशी खाते चोरणे हा धंदा झाला. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हने स्वतःच जाहीर केले की दरमहा सुमारे ७७,००० खाती बळकावून लुटली जात आहेत आणि देवाणघेवाण सुरू झाल्यापासून ही तक्रार वीसपट वाढली आहे. त्या निवेदनातील अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की फसलेल्यांमध्ये केवळ नवशिके नव्हते, तर व्यावसायिक स्पर्धांत उतरणारे कसलेले खेळाडूही होते. खाते गेले म्हणजे खातेदार बावळट, हा समज त्या एका निवेदनानेच खोटा ठरवला आहे, आणि तो मनातून काढल्याशिवाय पीडित व्यक्ती वेळेवर मदत मागायला पुढे येत नाही.

चोरी नेमकी कशी होते

खाते कोणत्या वाटेने गेले हे ओळखणे उपायाच्या दृष्टीने निर्णायक असते, कारण प्रत्येक वाट बंद करण्याची रीत निराळी आहे. सर्वांत जुनी वाट म्हणजे एका ठिकाणचा फुटलेला पासवर्ड दुसऱ्या ठिकाणी लावून पाहणे. तिला ‘क्रेडेन्शियल स्टफिंग’ म्हणतात. समाजमाध्यमांसाठी छोटी ॲप बनवणाऱ्या ‘रॉकयू’ या कंपनीच्या साठ्यातून डिसेंबर २००९ मध्ये ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले. ते सांकेतिक रूपात न बदलता जसेच्या तसे साठवलेले असल्याने कोणालाही वाचता येत होते, आणि त्यांत ‘१२३४५६’ हा पासवर्ड सर्वाधिक लोकांनी ठेवलेला आढळला. अशा याद्या नाहीशा होत नाहीत. त्या एकमेकींत मिसळून वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि स्वयंचलित प्रणालीद्वारे शेकडो संकेतस्थळांवर आजमावल्या जातात. एप्रिल २०२० मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने सुमारे १,६०,००० खात्यांत अनधिकृत प्रवेश झाल्याचे मान्य केले आणि जूनमध्ये तो आकडा सुमारे ३,००,००० वर गेला. हे नाव-पासवर्ड कंपनीच्या सेवेबाहेर कोठून तरी मिळवलेले होते, असे तिने सांगितले. अशा वेळी खातेदाराने त्या खेळाबाबत कोणतीही चूक केलेली नसते. कधीतरी विसरून गेलेल्या एखाद्या संकेतस्थळावर तोच पासवर्ड वापरलेला असतो, इतकेच.

दुसरी वाट फिशिंगची, म्हणजे खोटे पान दाखवून खातेदाराकडूनच पासवर्ड लिहवून घेण्याची. तिचा स्टीमवरील आविष्कार जवळून पाहण्यासारखा आहे. मित्राच्या खात्यावरून, म्हणजे आधीच चोरलेल्या एखाद्या खात्यावरून, निरोप येतो: आमच्या संघाला स्पर्धेसाठी मत दे, किंवा चुकून तुझ्या खात्याविरुद्ध तक्रार गेली आहे, ती मागे घ्यायला अमुक अधिकाऱ्याशी बोल. दुव्यावर गेल्यावर ‘स्टीमद्वारे प्रवेश करा’ असे बटण दिसते आणि ते दाबताच प्रवेशाची छोटी खिडकी उघडते. तिच्या पत्त्याच्या पट्टीत स्टीमचा खरा पत्ता, त्याच्या शेजारी कुलपाचे चिन्ह, सगळे जागच्या जागी असते. पण ती खिडकीच मुळात खरी नसते. त्या खोट्या पानाने आपल्याच अंगावर रेखाटलेले ते चित्र असते, आणि त्यावरील पत्ताही चित्राचाच भाग असतो. २०२२ मध्ये सुरक्षा अभ्यासकांनी उघडकीस आणलेली ही युक्ती ‘ब्राउझरमधील ब्राउझर’ या नावाने ओळखली जाते. तिची परीक्षा सोपी आहे: ती छोटी खिडकी माउसने धरून मूळ ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहावी. खरी खिडकी पडद्यावर कोठेही जाते. चित्रातील खिडकी मात्र पानाच्या कडेशी अडते. पासवर्ड आणि त्यापाठोपाठ मोबाइलवरचा तात्पुरता कोड लिहिला की दोन्ही त्याच क्षणी पलीकडे खऱ्या स्टीमवर टाकले जातात, म्हणून केवळ कोड मागितला जातो एवढ्याने पान खरे मानणे धोक्याचे आहे.

तिसरी वाट अलीकडे सर्वांत घातक ठरली आहे, ती माहिती चोरणाऱ्या मालवेअरची. मालवेअर म्हणजे संगणकात शिरून मालकाच्या हिताविरुद्ध काम करणारी संगणक-प्रणाली. खेळ फुकटात चालवणारा ‘क्रॅक’, विरोधकांवर अन्याय्य मात करून देणारा ‘चीट’, फुकट यूसी किंवा डायमंड, म्हणजे खेळातले आभासी चलन, देण्याचे आमिष दाखवणारे ॲप यांच्या पोटातून ती येते. पण नेहमी अशाच अवैध मार्गाने येते असे नाही. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचे पूरक भाग, म्हणजे मॉड, वाटणाऱ्या प्रतिष्ठित संकेतस्थळांवरील काही लोकप्रिय मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाची अशी प्रणाली घुसवली गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मालवेअर असलेला ‘पायरेटफाय’ नावाचा एक खेळ खुद्द स्टीमवरून हटवावा लागला. ही प्रणाली पासवर्डबरोबरच ‘सत्र-कुकी’ उचलते. एकदा प्रवेश केल्यावर पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारावा लागू नये म्हणून संकेतस्थळ ब्राउझरजवळ एक ओळखखूण ठेवते, तिला सत्र-कुकी म्हणतात. ती खूण ज्याच्या हाती असते त्याला संकेतस्थळ आधीच आत आलेला खातेदार समजते आणि त्याच्याकडे ना पासवर्ड मागते ना कोड. द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा मागण्याची सोय, चालू असूनही खाते कसे गेले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच मिळते.

चौथा प्रकार स्टीमपुरता आहे, परंतु चोर खात्यात शिरूनही कसा गप्प बसू शकतो हे त्यातून स्पष्ट होते. स्टीमवर खात्यासाठी ‘एपीआय की’ घेता येते. ही एक लांबलचक अक्षरमालिका असून तिच्या साहाय्याने बाहेरची एखादी प्रणाली त्या खात्यावरील देवाणघेवाणीचे प्रस्ताव वाचू आणि रद्द करू शकते. चोर फिशिंगने खात्यात शिरतो, अशी की तयार करून ठेवतो आणि पासवर्ड न बदलता बाहेर पडतो. खातेदाराला काहीच जाणवत नाही. काही आठवड्यांनी तो एखादी महागडी स्किन ओळखीच्या ग्राहकाला किंवा विक्रीस्थळाला देण्याचा प्रस्ताव तयार करतो, तेव्हा चोराची प्रणाली तो प्रस्ताव क्षणार्धात रद्द करते आणि त्याच नावाचे, त्याच चित्राचे दुसरे खाते पुढे करून हुबेहूब तसाच प्रस्ताव उभा करते. खातेदार मोबाइल उघडतो, नाव आणि चित्र ओळखीचे दिसल्याने मंजुरी देतो आणि वस्तू चोराकडे जाते. मंजुरीच्या पडद्यावर समोरच्या खात्याची पातळी आणि ते कधी उघडले याची माहिती दिलेली असते. नाव-चित्राची नक्कल करता येते, खात्याच्या वयाची करता येत नाही, म्हणून मंजुरी देताना नजर तेथे जायला हवी.

आधी काय आणि नंतर काय

खाते हातचे गेल्याची खात्री पटताच पहिला प्रश्न यंत्राचा येतो. गेल्या काही दिवसांत संगणकावर अनोळखी प्रणाली उतरवली असेल, किंवा चोरी कशी झाली याचा अंदाजच लागत नसेल, तर त्या संगणकाचे इंटरनेट तोडून पुढची सगळी कामे दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून, उदाहरणार्थ घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या मोबाइलवरून करावीत. बाधित संगणकावर बसून पासवर्ड बदलणे म्हणजे चोर घरात असतानाच नवी किल्ली बनवून घेण्यासारखे आहे. त्या संगणकाची तपासणी सावकाश करता येते, आणि माहिती चोरणारी प्रणाली सापडलीच तर ती पुसून समाधान मानण्यापेक्षा महत्त्वाच्या फायली बाजूला काढून विंडोज नव्याने बसवणे अधिक भरवशाचे ठरते.

दुसरा प्रश्न ईमेलचा. जवळपास प्रत्येक खेळाचा पासवर्ड ईमेलवरून बदलता येतो, म्हणजे ईमेल ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात खाते. त्यामुळे खेळाच्या आधी ईमेलचा पासवर्ड बदलणे, सर्व यंत्रांवरून बाहेर पडण्याचा पर्याय वापरणे आणि तेथे द्विस्तरीय पडताळणी चालू करणे या गोष्टी व्हायला हव्यात. यापुढची पायरी बहुतेकांकडून राहून जाते. चोर कधीकधी ईमेलच्या सेटिंगमध्ये एक नियम लिहून ठेवतो: स्टीमकडून आलेले प्रत्येक पत्र आपोआप कचऱ्यात टाकावे, किंवा त्याची प्रत अमुक पत्त्यावर पाठवावी. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो, आणि खातेदार कंपनीच्या उत्तराची वाट पाहत असताना ते उत्तर कचऱ्यात पडून असते. म्हणून जीमेलमधील फिल्टर आणि पत्रे पुढे पाठवण्याच्या सोयीची पाने, तसेच खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला पर्यायी ईमेल व मोबाइल क्रमांक, हे सर्व डोळ्यांखालून घालावे. ईमेलच गेला असेल तरी आशा सोडण्याचे कारण नाही. चोराने पुनर्प्राप्तीचा मोबाइल क्रमांक किंवा ईमेल बदलला असला, तरी गूगल जुना क्रमांक वा ईमेल त्यानंतर ७ दिवसांपर्यंत वापरू देते. हे ७ दिवस वाया घालवणे परवडणारे नसते.

यानंतर खेळाच्या खात्याकडे वळावे. स्टीमवरील ईमेल किंवा पासवर्ड बदलला गेला की जुन्या पत्त्यावर सूचना येते आणि हा बदल खातेदाराने केलेला नसेल तर खाते गोठवण्याचा दुवा तिच्यात असतो. तो खरोखर स्टीमचाच आहे याची खात्री करून वापरावा. सूचना सापडत नसेल तर स्टीमच्या मदत-पानावर स्वतः पत्ता टाइप करून जावे आणि खाते चोरीला गेल्याचा पर्याय निवडावा. त्यासाठी खात्यात प्रवेश करता येण्याची गरज नसते. तेथे मालकीचा पुरावा मागितला जातो, आणि खात्याचे नाव किंवा जन्मतारीख सांगून तो प्रश्न सुटत नाही, कारण ही माहिती चोरालाही खात्यात दिसते. पुरावा म्हणून उपयोगी पडतात त्या गोष्टी अशा: खाते उघडताना दिलेला पहिला ईमेल, जुन्या खरेदीच्या पावतीवरील व्यवहार क्रमांक, पैसे ज्या कार्डाने दिले त्याचा तपशील, डबाबंद खेळ विकत घेतला असल्यास त्याच्या आत छापलेला कोड. मोबाइलवरील खेळांतही तत्त्व हेच राहते. गूगल प्ले किंवा ॲप स्टोअरकडून ईमेलवर आलेल्या पावत्या, खेळाडूचा आकड्यांतील आयडी आणि जुने स्क्रीनशॉट यांचा तेथे आधार मिळतो. तक्रार एकदाच, सुसंगत आणि पुराव्यासह नोंदवावी. रागाच्या भरात दर तासाला नवी तक्रार दाखल केल्याने माहिती विखुरते आणि उत्तराला उशीर होतो.

याच वेळी घरातील दुसऱ्या कोणीतरी बँकेचे काम हाती घ्यावे. खात्याला कार्ड जोडलेले असेल तर ते तात्पुरते बंद करावे आणि अनोळखी व्यवहार झाला असेल तर तो बँकेला तत्काळ कळवावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती ३ कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर त्याचा भार पडत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड स्वतः दिलेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान मात्र ग्राहकालाच सोसावे लागते. एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. बँकेकडे हरकत घेताना चोराने केलेले व्यवहारच नेमके दाखवावेत आणि त्याची कल्पना स्टीमलाही द्यावी, कारण बँकेने रक्कम परत ओढल्याचे दिसले की कंपनी खात्यावरच बंधने घालते आणि परत मिळालेले खाते नव्याने अडकते.

मित्रांना दुसऱ्या माध्यमातून, फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवरून, सावध करणे हेही पहिल्या तासाचेच काम आहे. चोरलेल्या खात्याचा पहिला उपयोग पुढच्या खात्यावर गळ टाकण्यासाठी होतो, आणि खातेदाराच्या नावाने आलेल्या दुव्यावर सर्वांत आधी त्याचे जवळचे मित्रच विश्वास ठेवतात. दुसरीकडे, ‘खाते परत आणून देतो’ असे सांगत इन्स्टाग्रामवर किंवा डिस्कॉर्डवर संपर्क साधणाऱ्यांपासून दूर राहावे. आधी शुल्क आणि मग नवे पासवर्ड मागणारी ही मंडळी पीडिताला दुसऱ्यांदा लुटतात. स्टीमचे कर्मचारी गप्पांच्या खिडकीतून किंवा डिस्कॉर्डवरून कधीही संपर्क करत नाहीत.

खाते हाती आल्यावर

खाते परत मिळाल्याचा दिवस हा काम संपल्याचा दिवस नसतो. चोराची जुनी सत्रे, त्याने जोडलेली यंत्रे आणि तयार केलेल्या किल्ल्या आत शिल्लक असू शकतात. स्टीमवर ‘इतर सर्व यंत्रांचा अधिकार काढून घ्या’ हा पर्याय वापरणे, एपीआय कीचे पान उघडून तेथे स्वतः न घेतलेली की दिसल्यास ती रद्द करणे, प्रलंबित देवाणघेवाणीचे प्रस्ताव तपासणे आणि ईमेल व मोबाइल क्रमांक स्वतःचाच आहे ना हे पाहणे, एवढे झाल्याशिवाय नवा पासवर्ड पुरेसा मानू नये.

पासवर्डबाबत जुन्या सल्ल्यात बदल झाला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक काळाने पासवर्ड बदलण्याची सक्ती नको, असे सांगितले. लांबी आणि आधी कोठेही न फुटलेला असणे या दोन गुणांना त्या सूचना महत्त्व देतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड लक्षात ठेवणे माणसाला शक्य नाही, म्हणून ते सांकेतिक रूपात जपणारा पासवर्ड-व्यवस्थापक वापरणे किंवा, ज्याला ते जमत नाही त्याने, वहीत लिहून कपाटात ठेवणे हे दोन्ही मार्ग एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. ऑस्ट्रेलियातील सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर आपला ईमेल कोणत्या फुटलेल्या साठ्यांत आढळला हे विनामूल्य पाहता येते.

द्विस्तरीय पडताळणीचे सगळे प्रकार सारख्या ताकदीचे नाहीत. एसएमएसने येणारा ओटीपी सिम ज्याच्याकडे त्याच्याकडे जातो, आणि भारतात बंद पडलेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. जुना क्रमांक खात्याला जोडलेलाच राहिला असेल तर कोड परक्या माणसाच्या मोबाइलवर पोहोचतो. ऑथेंटिकेटर ॲप यापेक्षा बरे. मोबाइल आणि कंपनीचा संगणक यांना सुरुवातीलाच एक गुप्त अक्षरमालिका वाटून दिली जाते, आणि ती व त्या क्षणाची वेळ यांच्या गणितातून दोघेही दर ३० सेकंदांना तोच कोड काढतात. म्हणून इंटरनेट नसतानाही ते चालते. स्टीमने ही सोय आपल्या मोबाइल ॲपमध्ये २०१५ मध्ये आणली. ती चालू करताना ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा एक पुनर्प्राप्ती कोड दाखवला जातो. मोबाइल हरवला तर खात्यात परतण्याची वाट तोच देतो, त्यामुळे तो त्याच मोबाइलमधील स्क्रीनशॉटमध्ये न ठेवता कागदावर उतरवावा. याहूनही मजबूत साधन ‘पासकी’ हे होय. तिच्यात लिहायचा शब्दच नसतो. यंत्रातील गुप्त किल्ली केवळ त्या खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानाला खातेदार भुलला तरी यंत्र भुलत नाही. निन्टेन्डोने २०२३ मध्ये, तर सोनीच्या प्लेस्टेशनने २०२४ मध्ये ही सोय उपलब्ध करून दिली, आणि जेथे ती मिळते तेथे तिचीच निवड करावी.

सर्वच परत येत नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. खाते परत मिळाले तरी चोराने काढून नेलेल्या वस्तू स्टीम परत करत नाही. पूर्वी अशा वस्तूंची दुसरी प्रत दिली जात असे. परंतु प्रती वाढल्या की दुर्मिळतेवर अवलंबून असलेली सर्वांचीच किंमत घटते, म्हणून ते धोरण बंद झाले. जुलै २०२५ पासून ‘काउंटर-स्ट्राइक २’ मधील वस्तूंना ७ दिवसांचे संरक्षण मिळाले असून त्या मुदतीत खातेदार आपले अलीकडचे व्यवहार उलटवू शकतो. ही पीडितांच्या बाजूने झालेली खरी सुधारणा आहे, मात्र चोरी ७ दिवसांत लक्षात आली तरच तिचा उपयोग होतो. चोराने त्या खात्यावरून चीट वापरून खेळ केला आणि फसवणूक-प्रतिबंधक यंत्रणेने बंदी घातली, तर ती बंदीही उठत नाही, कारण खाते सांभाळणे ही खातेदाराचीच जबाबदारी मानली जाते. हा नियम कठोर आहे आणि ज्याचा काहीच दोष नाही अशा खेळाडूवर तो अन्याय करतो, असे म्हणावे लागते. पण ‘खाते चोरीला गेले होते’ ही सबब प्रत्येक लबाड खेळाडूच्या तोंडी असते, हेही तितकेच खरे आहे.

मोबाइल, घर आणि कायदा

महाराष्ट्रात संगणकापेक्षा मोबाइलवरचे खेळ अधिक घरांत पोहोचले आहेत. बीजीएमआय किंवा फ्री फायर यांसारख्या खेळांत प्रवेश बहुधा गूगल, फेसबुक किंवा एक्सच्या खात्याद्वारे होतो, म्हणून तेथे चोरी खेळाच्या खात्याची नसून त्या मूळ खात्याची झालेली असते आणि उपायही तेथूनच सुरू करावा लागतो. आयडी विकत घेण्याचा प्रकार शाळकरी मुलांत पुष्कळ चालतो. अशा आयडीचा मूळ ईमेल विकणाऱ्याकडेच राहतो, पैसे घेतल्यावर तो कधीही खाते परत ओढू शकतो, आणि हा व्यवहार कंपनीच्या अटींविरुद्ध असल्याने तिच्याकडे दादही मागता येत नाही. कितीही स्वस्त मिळाली तरी परकी आयडी विकत घेऊ नये.

दुसऱ्याचा पासवर्ड किंवा तत्सम ओळखखूण अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी नुसार, तर संगणकाच्या साहाय्याने तोतयागिरी करून फसवणे हा कलम ६६डी नुसार गुन्हा असून, दोन्हींसाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करता येते, आणि तिची पोच कंपनीशी पत्रव्यवहार करताना उपयोगी पडते. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. स्टीमवरचा विकत घेतलेला खेळ किंवा बीजीएमआय यांची चोरी नोंदवायला गेल्यास आपल्यावरच कारवाई होईल, ही भीती निराधार आहे.

या सर्व उपायांना मुदत आहे: कुठे ७ दिवस, कुठे ३ कामकाजाचे दिवस, तर १९३० साठी पहिले काही तास. खाते गेलेले मूल रागावण्याच्या भीतीने गप्प बसले तर या मुदती घरात कोणालाही कळण्याआधी संपून जातात, आणि पुष्कळदा त्याच मोबाइलवर आई-वडिलांचे यूपीआयही असते. म्हणून पालकांनी मुलांना आजच सांगून ठेवावे की आयडी गेली तर ती गोष्ट त्याच दिवशी घरात सांगायची आहे. आणि मुलाने ती खरोखर सांगितली, तर ‘खेळायला सांगितले कोणी होते?’ हा प्रश्न बाजूला ठेवून आधी त्याच्याबरोबर बसून ईमेलचा पासवर्ड बदलावा.